खालील उतारा वाचा

आठवीचे पेपर, अठ्ठावीस, जेवणाच्या टेबलावर.
चुलीत निलगिरीचं लाकूड.
दुसरं मिळत नाही इकडे आता.

‘त्या काळी काउतिन नदीच्या दक्षिणेचा प्रदेश ओसाड होता.
सैन्याने तो शांत केला.
मग सरकारने समुद्रापलीकडून आलेली
कष्टाळू कुटुंबे तिथे वसवली.’

पाठ्यपुस्तक, पान त्रेसष्ट.
बावीस वर्षं हाच उतारा घालतो मी.
वाक्यं छोटी आहेत, तपासायला सोपा जातो.

प्रश्न पहिला. रिकाम्या जागा भरा.
सत्तावीस मुलांनी भरल्यात.
हजेरीपटावर मापुचे आडनावं एकोणीस,
त्यातल्या अठरांनी ‘ओसाड’ लिहिलंय, सुवाच्य,
मी शिकवलं तसं.
रेल्मू काल्फुमान हिने एकही भरली नाही.
टिंबांच्या ओळीखाली पेन्सिलीनं:
सर, या जागा रिकाम्या नव्हत्या.

प्रश्न दुसरा. प्रदेश कोणी शांत केला?
तान्हं बाळ शांत करतात, थोपटून.
आणि म्हातारं माणूस शांत झालं म्हणजे गेलं.
पुस्तकाला यातलं कुठलं म्हणायचंय?
(दोन गुण.)

तिसरा. ‘ओसाड’, वाक्यात उपयोग करा.
धाकटे मामा सांगतात, वाल्ये झाडं होती
तोवर ओढा रात्री बोलायचा.
आता कंपनीचे पाइन रांगेत उभे आहेत
आणि दर गुरुवारी पाण्याचा टँकर येतो.
आमचा ओढा ओसाड आहे.
व्याकरण दोनदा तपासलं.
चूक नाही.

शेवटचा. उताऱ्याला योग्य शीर्षक द्या.
तिथे शीर्षक नाही.
एक घडी घातलेली झेरॉक्स टाचलीय,
शिक्का फिकट, मोजणीदाराची वाकडी सही,
कुणा काल्फुमानच्या अंगठ्याची काळी वर्तुळं.
उत्तरेस ओढा.
पूर्वेस पायवाट, जी नदीला जाते.
दक्षिणेस वीज पडलेलं कोइवे,
त्यापलीकडे वसाहतवाला गॉटफ्रीड आमान.
आमच्या आडनावातला एक म त्यानं गाळलाय.
खाली पुन्हा पेन्सिल:
हाही उताराच आहे, सर. वाचा.

पणजोबांना सरकारनं दिलं होतं, हे घरात सगळ्यांना पाठ:
एक बैलजोडी, दीडशे फळ्या, पोतंभर खिळे.
त्यातल्या काही फळ्या
अजून या भिंतीत आहेत. पावसाळी वाऱ्यात करकरतात,
लहानपणी मला वाटायचं, बोटीतून आलोय
म्हणून घरही बोटीसारखं.
दक्षिणेचं कोइवे मला माहीत आहे.
खोड उरलंय. कोंबड्यांच्या खुराड्यामागे,
आई त्यावर लोकर वाळत घालायची.
म्हणजे कुंपण त्याच्यापुढे गेलंय.
कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ते असं, आवाज न करता,
एकेका पिढीला थोडं थोडं, रविवारी चर्चला जाऊन येऊन.
कधी सरकलं, कुणी सरकवलं,
पान त्रेसष्टवर नाही.
चौसष्टवर लगेच रेल्वे येते.

बॅटरी घेऊन बाहेर पडलो.
कुत्रं भुंकलं, मग ओळखून गप्प झालं.
खोडावर हात ठेवला. ओलं होतं, बुरशी.
तिथून उत्तरेला चालत गेलो,
तोंडानं मोजत, पोरासारखा,
दव पायजम्यात चढेपर्यंत, तारेला गुडघा लागेपर्यंत.
एकशे बारा.

परत येऊन लाल पेन उघडलं.
गुणांच्या चौकटीत लिहिलं, ११२.
पेपर वीस गुणांचा आहे.
सोमवारी ऑफिसात विचारतील.